बाईंची पहिली वाटी

जेवायला बसल्या की बाई आमच्याकडे पाठ करायच्या. परळच्या आमच्या प्रयोगशाळेत दुपारी मधल्या टेबलावर डबे उघडले, की बाई स्वतःची खुर्ची उचलून खिडकीशी न्यायच्या आणि समोरच्या टॉवरच्या क्रेनकडे तोंड करून जेवायच्या. नवीन माणसाला वाटायचं, मॅडम शिष्ट दिसतात. पण शिष्ट माणूस खिडकीकडे जाता जाता तुमच्या डब्याचं झाकण उचलून, "आज काय रे?" म्हणत कारल्याचा काप तोंडात टाकत नाही. बाई टाकायच्या. सगळ्यांच्या डब्यातलं चाखायच्या आणि मग पाठ करून बसायच्या.

एकदा मी कारण विचारलं. म्हणाल्या, "दिवसभर लोकांची पोटं मोजते. निदान घास घेताना तरी माणसाला सोडावं की नाही?"

मी हसलो. माझ्या घरी तेव्हा काय चाललं होतं हे त्यांना ठाऊक नाही, अशी माझी समजूत होती.

बाई गिरगावातल्या चाळीत जन्मल्या आणि शेवटपर्यंत तिथेच राहिल्या. लग्न केलं नाही. अंगाने काडी. कॉटनची साडी, पायात पुरुषी सँडल आणि पर्समध्ये कायम शिंप्याची पिवळी पट्टी. ती पट्टी कुठे निघेल याचा नेम नसे. आमच्या एका सहकाऱ्याच्या लग्नात त्यांनी आहेराच्या रांगेत उभ्या असलेल्या नवरदेवाच्या मामांना विचारलं होतं, "जरा सफारीचं बटण सोडता का? एका मिनिटाचं काम आहे." मामांनी सोडलं. बाईंना नाही म्हणणं कुणाला जमायचं नाही.

आमचं काम लठ्ठपणाच्या जनुकांचं, बाई त्याच्या प्रमुख. बाई ते भाजीवाल्यालाही समजावून सांगायच्या. जनुक म्हणजे लांबच लांब मजकूर. त्यात काही ठिकाणी माणसामाणसात एखादं अक्षर वेगळं असतं. एक प्रत आईकडून येते, एक बापाकडून. काही अक्षरं अशी, की ती असली तर भूक जरा उशिरा भागते, वजन वाढायचा धोका जरा वाढतो. यावरचं सुरुवातीचं मोठं काम बहुतेक गोऱ्या लोकांवर झालेलं. "पाहुण्याच्या मापाचा सदरा आपल्याला कसा बसेल?" बाई म्हणायच्या. कुठली अक्षरं आशियातल्या लोकांत किती सापडतात, ती इथेही तेवढाच फरक पाडतात का, की इथे आणखी दुसरीच आहेत, हे इथल्या माणसांचं रक्त घेऊनच कळणार होतं. त्यात आपल्या शरीराची खोड वेगळी. हातपाय बारीक, चरबी पोटावर. गोरा माणूस ज्या वजनाला ठणठणीत असतो, त्याच वजनाला आपल्याकडे साखर दार वाजवते. "वजनकाटा सांगतो किती. पट्टी सांगते कुठे. आपल्या लोकांना आधी कुठे ते विचारावं."

दुष्काळात जगून निघालेल्यांचे आपण वंशज, म्हणून आपली शरीरं चरबी साठवतात, असं कुणी सांगू लागलं की त्या हात वर करायच्या. "गोष्ट छान आहे. पुरावा घेऊन ये, मग चहा पाजते."

'जाड' हा शब्द त्यांच्यासमोर चालत नसे. "रजई जाड असते. पुस्तक जाड असतं. माणसाला नाव असतं, ते घे."

लालबागच्या एका मंडळात आम्ही रक्त घ्यायला गेलो होतो तो दिवस आठवतो. मंडपाच्या मागे टेबल लावलेलं. ढोलपथकातली पोरं रांगेत. बाई गळ्यात पट्टी अडकवून उभ्या.

"श्वास रोखू नकोस. सोड. सोड रे, मला घाई नाही."

"बाई, पोट नाय हे. फॅमिली पॅक आहे."

"मग फॅमिलीला बोलाव, त्यांचंही मोजते."

मागे एक किडकिडीत पोरगा हसत उभा होता. बाईंनी त्यालाही बोटाने बोलावलं. तो म्हणाला, "मी कशाला? मी तर सुका बोंबील."

"सुक्या बोंबलाचं पोट कुणी बघत नाही, म्हणून तिथेच साखर लपून बसते. ये."

पोरं त्यांच्या प्रेमात पडली. रक्त देऊन झाल्यावर सगळ्यांना वडापाव होता, आणि पोरांनी वडापाव हातात घेतल्याबरोबर बाई वळल्या आणि गणपतीच्या रिकाम्या चौरंगाकडे बघत उभ्या राहिल्या. पोरांचं खाणं संपेपर्यंत.

आता प्लेटचं सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे.

रक्तातून किंवा थुंकीतून काढलेला नमुना तपासायला प्लास्टिकची एक तळहाताएवढी प्लेट असते. तिच्यात ओळीने बारीक बारीक खळगे. सगळे त्यांना वेल म्हणतात, बाई वाट्या म्हणायच्या. आमच्याकडे एक रीत होती आणि ती बाईंनी घातलेली होती. पहिल्या वाटीत कायम बाईंचा स्वतःचा नमुना. दर प्लेटला नवं अक्षर असायचं; त्याचं स्वतःचं उत्तर त्यांनी दुसरीकडून आधीच काढून आणलेलं असायचं आणि आम्हाला कुणालाच सांगितलेलं नसायचं. पहिल्या वाटीचं उत्तर त्यांच्या उत्तराशी जुळलं, तर प्लेट खरी. शेवटच्या वाटीत कुणाचाच नमुना नाही, फक्त शुद्ध पाणी. तिथून काहीही उत्तर येता कामा नये. "शेवटच्या वाटीने तोंड उघडलं," बाई म्हणायच्या, "तर समजायचं, कुणाचातरी हात घाण आहे."

प्लेट मशीनमधून निघाली की पडद्यावर ठिपके उमटायचे, एका माणसाचा एक. ते तीन घोळक्यांत पडायचे. बाई त्यांना तीन गल्ल्यांची तीन मंडळं म्हणायच्या. निळ्या मंडळात ते अक्षर अजिबात नसलेले. हिरव्यात एकच प्रत असलेले. लालमध्ये आईकडूनही आलं आणि बापाकडूनही आलं, असे. कुठला ठिपका कुणाचा हे कळू नये म्हणून नळ्यांवर नावं नसत, आकडे असत. आणि घरच्यांचा नमुना आणायचा नाही. हे कुठे लिहिलेलं नव्हतं. सगळ्यांना माहीत होतं.

आम्ही काळाचौकीला राहायचो, अजूनही राहतो. त्या वर्षी माझ्या आईचा पाय गुडघ्याखालून काढला. साखर. आई अंगाने मोठी होती. तिला उचलून बाथरूमला नेताना माझी कंबर मोडायची, पण मला वजनाचं काही वाटत नसे, मला त्या पायाच्या वासाचं भय बसलं होतं. ड्रेसिंग बदलताना तो वास यायचा. आणि त्याच खोलीत, त्याच वेळी, माझी मुलगी तन्वी जमिनीवर बसून वरणभात खायची. नऊ वर्षांची. गालांवर खळ्या, मनगटांवर वळ्या. पुन्हा वाढ म्हणायची. शेजारीपाजारी कौतुकाने म्हणायचे, "आजीवर गेली हो अगदी."

आजीवर गेली. रात्रंदिवस हे दोन शब्द माझ्या डोक्यात वाजत राहायचे.

एका सकाळी मी तिला नळी दिली. "यात थुंक बघू. शाळेसाठी हवंय."

"थुंकी? ई, बाबा! शाळेत कोण मागतं थुंकी?"

"थुंक गं लवकर."

तिने डोळे मिचकावून थुंकी भरली आणि वर म्हणाली, "अजून देऊ?"

तो नमुना मी शेवटच्या वाटीत घातला, पाण्याच्या जागी. बाई तेव्हा मीटिंगला गेल्या होत्या. घाईत प्लेट मशीनमध्ये ठेवताना दोनदा कडेला लागली. जिन्यात कुणाची पावलं वाजली, मी झटकन झाकण लावलं. मशीन चाललं तेवढा वेळ मी नुसता उभा होतो. मग पडद्यावर ठिपके आले आणि मी शेवटच्या वाटीवर बोट ठेवलं.

लाल. घोळक्याच्या वरच्या टोकाला, जरा एकटाच.

बाई आल्या. चष्मा कपाळावर सरकवून पडद्याजवळ वाकल्या. बराच वेळ बघत राहिल्या. मी मनात वाक्य तयार ठेवलं होतं, पाण्याची बाटली खराब असेल म्हणून. ते बोलावं लागलं नाही. बाई सरळ झाल्या आणि म्हणाल्या, "पाणी बदल. ही प्लेट टाकून देऊ. दुसरी मी लावते."

एवढंच. मला वाटलं, सुटलो.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी प्रभादेवीहून एक गृहस्थ आले. बायकोला बाहेर बाकावर बसवून आत आले. त्यांच्या मुलीने आमच्याकडे रक्त दिलं होतं आणि तिचं लग्न ठरत होतं. आवाज खाली आणून म्हणाले, "मुलाकडचे विचारतायत. बाळंतपणानंतर सुटेल का, अंगाने? तुमच्याकडे कळतं म्हणे."

बाईंनी पेन ठेवलं. "तुमच्या मुलीने विचारलंय का?"

"तिला कशाला? मी बाप आहे."

"मग तुम्ही तुमचं रक्त द्या. तुमचं सांगते. साहेब, ही असली अक्षरं शेकड्यांनी आहेत आणि एकेकाचं वजन चिमूटभर. लाल मंडळातली कितीतरी माणसं जन्मभर काडी राहतात. निळ्यातली सुटतात. मी काय पत्रिका मांडून बसलेय इथे?"

"पण काळजी घेता येईल ना आधीपासून..."

"कुणी घ्यायची? तिने, की तिच्या ताटावर बसून तुम्ही?" बाईंचा आवाज चढला होता. त्यांना एवढं घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. रागावलेल्या नव्हत्या त्या. घाबरलेल्या होत्या. ते गृहस्थ गेल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि काहीतरी बोलतील म्हणून मी नळ्या मोजायला लागलो.

घरी मी कुणालाच काही सांगितलं नव्हतं. फक्त बघायला लागलो. तन्वी जेवायला बसली की मी समोर बसायचो. ती दुसरी पोळी मागायची तेव्हा मीच आधी म्हणायचो, "पीठ संपलं आज." ओट्यावर परातीत गोळा झाकून ठेवलेला असायचा. ही, माझी बायको, माझ्याकडे बघायची. सुरुवातीला भांडली. "वाढत्या अंगाची पोर आहे, तिच्या मागे काय लागलायत?" मी म्हणायचो, "तुला कळत नाही." कारण सांगता येत नव्हतं आणि कारण एवढं पक्कं होतं, लाल होतं.

आईने मात्र खाटेवरून बरोबर ओळखलं. "चेडू जेवताहा, आणि तू असा काय बघतस रे? नजर लागात." आई दुसऱ्या वर्षी गेली. जाताना तिचं शरीर अर्धं झालं होतं, आणि तरी मला तिच्या जागी तन्वीच दिसायची.

मी मारलं नाही. ओरडलोही क्वचितच. वाढदिवसाच्या केकचा तुकडा देताना सुरी जरा आत सरकवायचो. मैत्रिणीकडून आली की विचारायचो, "काय खाल्लंस?" साधा प्रश्न. प्रत्येक वेळी तोच. काही वर्षांनी ती उत्तर द्यायला लागली, "काही नाही." मग ते खरं व्हायला लागलं. खळ्या गेल्या, गालाची हाडं वर आली. शेजारी म्हणाले, किती छान बारीक झाली. आणि मी, देवाशपथ सांगतो, मनात म्हणालो, वाचवली.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला ती जिन्यात चक्कर येऊन पडली. इस्पितळात डॉक्टर पोरसवदा होती. तिने हिला विचारलं, "घरी जेवणाचं वातावरण कसं आहे?"  हिने माझ्याकडे बघितलं. पडद्यामागे तन्वी झोपली होती. चादरीखाली कुणी आहे असं वाटतच नव्हतं.

बाई तेव्हा निवृत्त झाल्या होत्या. मी गिरगावात गेलो. तिसरा मजला, गॅलरीत कुंड्या. मला बघून त्यांनी काही विचारलं नाही, आत जाऊन दडपे पोहे आणले. "आधी खा," म्हणाल्या आणि खुर्ची वळवून गॅलरीकडे तोंड करून बसल्या.

मी खाल्लं नाही. त्यांच्या पाठीला सगळं सांगितलं. बहुतेक तोंड समोर असतं तर जमलं नसतं.

"शेवटच्या वाटीत पाणी नव्हतं ते मला माहीत आहे," बाई म्हणाल्या.

"कधीपासून?"

"त्याच दिवशी. तुला शेवटच्या वाटीत लाल दिसला ना? वरच्या टोकाला, एकटा?"

"हो."

"तो मी."

मला कळलं नाही. बाई वळल्या. हाताने समोरची बशी गोल फिरवली. "प्लेटचा एक कोपरा कापलेला असतो, तो वर डावीकडे यायला हवा. आपल्या जुन्या मशीनमध्ये ती उलटीही बसायची. तू उलटी ठेवलीस. मशीनला काय, ते पहिलीला शेवटची म्हणालं आणि शेवटचीला पहिली. तुला दिसली ती माझी वाटी. आणि जिथे मी दिसायला हवी होते, तिथे भलतंच कुणीतरी बसलं होतं. म्हणून तर मला कळलं."

बाहेर कुणीतरी गॅलरीतून बादली ओढत नेत होतं. मी बाईंकडे बघत होतो. त्यांच्या मनगटाकडे, साडीच्या सैल निऱ्यांकडे. आईकडूनही आलेलं, बापाकडूनही आलेलं, आणि जन्मभर काडी.

"म्हणजे तन्वी लाल नाही."

"तन्वीचं मी तुला सांगणार नाही. तो ठिपका तुझा नाही. ती येऊन विचारेल तेव्हा तिला सांगेन."

"पण लाल नाही. म्हणजे मी उगाचच..."

"आणि असती तर?" बाई म्हणाल्या. "असती तर बरोबर होतं?"

  खरं सांगायचं तर 'उगाचच'च्या पुढचं वाक्य मी त्यांच्यासमोर पुरं केलं नाही, कारण त्यातली सुटका मलाच ऐकू आली होती.

बाई म्हणाल्या, "मीही चुकले. तेव्हाच विचारायला हवं होतं तुला. कुणाची थुंकी आहे ते ओळखलं नव्हतं असं नाही. वाटलं, येईल आपणहून, लाज वाटायला वेळ द्यावा. तो वेळ त्या पोरीच्या ताटातून गेला." मग पोह्यांची बशी माझ्याकडे सरकवली. "तिला सांग. आज सांग."

मी आज सांगितलं नाही. उद्याही नाही. तन्वी घरी आली होती, हळूहळू पेज घेत होती, डॉक्टर म्हणाली होती की दबाव नको. मला ते कारण पुरलं. ती थोडी सावरेल मग सांगू. परीक्षा होऊ दे. दिवाळी होऊ दे. खरी गोष्ट एवढीच की मला तिची भीती वाटत होती. बाईंचा मधून मधून फोन यायचा. एकच प्रश्न. "आली नाही ती?"

गेल्या वर्षी बाई गेल्या. झोपेत, हृदयाने. सोनापूरच्या स्मशानात आम्ही लॅबमधले चार जण होतो आणि लालबागच्या त्या पथकातली दोन मोठी झालेली पोरं. त्यातला एक, तो सुका बोंबील, मला म्हणाला, "बाईंनी माझी साखर पकडली होती. वेळेत." तन्वीचा ठिपका कुठल्या मंडळात होता हे माहीत असलेलं एकच माणूस समोर जळत होतं.

तिथून घरी आलो, आंघोळ केली आणि तन्वीला सांगितलं. दुपारची वेळ होती. ही स्वतःच्या बहिणीकडे गेली होती. नळीपासून सगळं सांगितलं. बाईंनी तिच्यासाठी उत्तर ठेवलं होतं आणि ते माझ्या भित्रेपणामुळे गेलं, हेही.

ती ओट्याला टेकून उभी होती. मला वाटलं रडेल, ओरडेल. तिने विचारलं, "पीठ संपलं म्हणायचास ते?"

"संपलेलं नसायचं."

"मला माहीत होतं. परात दिसायची मला." मग म्हणाली, "मला वाटायचं, मी तुला आवडत नाही म्हणून."

मी म्हणालो, पुन्हा तपासून घेता येईल, दुसऱ्या प्रयोगशाळेत, तुझी इच्छा असेल तर. ती म्हणाली, "नको. तुला कळेल परत."

ओट्यावर डबा झाकून ठेवलेला होता. हिने जाताना केलेल्या पोळ्या आणि वालाचं बिरडं. तन्वीने ताट घेतलं. मी समोर बसलो होतो, नेहमीच्याच जागी. तिने माझ्याकडे पाहिलं.

"बाबा, बघू नकोस."

मी उठलो, खुर्ची उचलली आणि खिडकीकडे तोंड करून बसलो. समोरच्या चाळीच्या दोरीवर कुणाचं तरी बेडशीट वाळत होतं. मागे झाकण निघाल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काहीच नाही. मग पुन्हा झाकणाचा. तिने वाढून घेतलं आणि झाकलं, की नुसतंच झाकलं, मला माहीत नाही. माझी मान दुखायला लागली होती.

मी वळलो नाही.